अनुभव धागा : प्रपंच सांभाळून देवाचं आणि माणसांचं करणारी आपल्या घरातली माणसं

पाऊलवाट
काल आळंदीहून माउलींचं प्रस्थान झालं. पोळ्या करता करता टीव्ही लावला होता. टाळ सुरू झाले आणि अण्णांची फार आठवण आली. त्यांना जाऊन ही दुसरी आषाढी. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव फलटण तालुक्यात, पालखीच्या वाटेवर. अण्णा गावचे पोस्टमन. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, खांद्याला खाकी पिशवी आणि सायकल. पहाटे काकडा, संध्याकाळी देवळात हरिपाठ, आणि मधला सगळा दिवस वाड्यावस्त्यांवर. निराधार योजनेची मनिऑर्डर आली की ती त्याच दिवशी पोचली पाहिजे, मग वस्ती ओढ्यापलीकडे का असेना. अंगठा घेण्याआधी पैसे मोजून द्यायचे आणि म्हातारीला तिच्या हातानं परत मोजायला लावायचे. पत्र वाचून दाखवायचं कामही त्यांचंच. कोपरा कातरलेलं, म्हणजे कुणी गेल्याचं कार्ड असलं तर सायकल लावून आधी शेजारणीला हाक मारायचे, पाणी मागायचे, घरातलं माणूस खाली बसलं की मगच वाचायचे.

आळंदी ते पंढरपूर अशी सबंध वारी त्यांनी कधी केली नाही. सुट्टी मिळायची नाही, आणि म्हणायचे, "देव दारावरनं चाललाय, मी घर सोडून कुठं जाऊ?" कार्तिकीला एसटीनं पंढरपूरला जाऊन यायचे. पण पालखी तरडगावला आली की आमच्या घरात दिवाळी. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण व्हायचं आणि रात्री परत आलेल्या अण्णांच्या अंगाला धुळीचा आणि बुक्क्याचा वास असायचा. दारात गरम पाण्याचं घंगाळ, खोबरेल तेलाची बरणी. दमून आलेल्या वारकऱ्याला खाटेवर बसवायचे आणि त्याचे पाय स्वतः चोळायचे. समोरचा माणूस वयानं लहान असला तरी आधी त्याच्या पाया पडायचे.

2020 ला वारी झाली नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आमच्या गावातून पालखी जायची त्या दिवशी अण्णांनी पहाटे उठून रस्ता झाडला, दारापुढे सडा घातला, गळ्यात टाळ अडकवला आणि मोकळ्या रस्त्याकडे तोंड करून पूर्ण हरिपाठ म्हटला.

त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे भक्तीचा दुसरा अर्थच येत नाही. तुमच्या घरात असं कुणी होतं का, आहे का? मोठं काही नको. लहान लहानच लिहा.

चकली
काय लिहिलंयस गं. कुकर लावलाय, लेकाची व्हॅन येईल एवढ्यात. रात्री लिहिते नीट.

एसटीची लेक
पप्पांनी वर्षानुवर्षं कळसच पाहिला. बीड जिल्ह्यात ड्रायव्हर होते. आषाढीला जादा गाड्या सुटायच्या, तेव्हा आठ-आठ दिवस घरी येणं नाही. पंढरपुरात यात्रेपुरती जी बसस्थानकं उभारतात तिथं माणसं उतरवायची, तासभर गाडीखालीच सतरंजी टाकून पडायचं, परतीची माणसं भरायची की निघाले. दर्शनाची रांग गोपाळपूरपर्यंत, ड्युटीवरच्या माणसाला कुठलं दर्शन? कळसाला हात जोडायचे आणि किल्ली फिरवायचे.

एकादशीचा उपवास मात्र स्टिअरिंगवरही मोडला नाही. आई शेंगदाण्याचे लाडू बांधून द्यायची. ते पण अर्धे गाडीतल्या म्हाताऱ्यांना वाटून यायचे. घरी आले की आधी आमच्या वह्या बघायचे, मग आंघोळ. आम्ही तिघी बहिणी. "एवढ्या पोरींना कशाला शिकवतो?" असं भावकीतलं कुणी म्हणालं तर उत्तर द्यायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी जाऊन फी भरून यायचे.

निवृत्तीनंतर मीच त्यांना घेऊन रांगेत उभी राहिले. रांग पत्राशेडच्याही मागे होती. पायांवर डोकं टेकायला किती वेळ मिळतो ते माहितीच आहे तुम्हाला. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपण उतरवलेली माणसं इथवर पोचत होती तर."

वऱ्हाडी ठेचा
हा धागा वारकऱ्यांपुरताच आहे काय? आमच्याकडे विठोबा नाही, पण आबा होते.

पाऊलवाट
अजिबात नाही हो. आबांबद्दल नक्की लिहा, वाट बघते.

ओवी
@एसटीची लेक, शेवटचं वाक्य वाचून मोबाइल बाजूला ठेवला. लोकलमध्ये आहे, समोरची बाई बघतेय काय झालं म्हणून.

लालबागकर
आजोबांचं लिहितो. तुकड्यातुकड्यात येईल, मधे मधे गिऱ्हाईक आहे.

आजोबा गिरणीत, साचेखात्यात. मूळचे पाटण तालुक्यातले. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आजी, चार मुलं, आणि गावाहून आलेलं कुणी ना कुणी कायम. दर गुरुवारी मधल्या चौकात भजन. पखवाज आजोबांचा. पहिल्या पाळीचा भोंगा सकाळी व्हायचा, तरी भजन रात्री बारापर्यंत.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. आमच्या चाळीत भांडी विकली गेली, कुणी गावी गेलं ते परत आलंच नाही. आजोबा भायखळ्याहून भाजी आणून दारोदार विकायला लागले. आजीचं मंगळसूत्र गेलं, पखवाज मात्र तिनं विकू दिला नाही. आणि गुरुवार चुकला नाही. वडील सांगतात, त्या काळात भजनाला गर्दी वाढली होती. घरी बसून माणसं सैरभैर व्हायची, तिथं निदान दोन तास शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लागायचा. भजन झालं की आजोबा विचारायचे, आज कुणाच्या घरी चूल पेटली नाही? आणि उरलेली भाजी तिकडे जायची.

चकली
मंगळसूत्र गेलं पण पखवाज नाही. आजींना नमस्कार सांगा.

लालबागकर
आजी गेली हो 2009 ला. पखवाज आहे घरी. शाई उडालीय, पुडी बदलून घ्यायचीय. कुणाला मुंबईत चांगला कारागीर माहीत असला तर इथेच सांगा.

वऱ्हाडी ठेचा
आता बसलो लिहायला, इकडे लाइट नव्हती.

आबा नागपुरात एम्प्रेस मिलमध्ये. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्या पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत आबा होते. विशीतले. कपडे शेजाऱ्याकडून मागून आणले होते म्हणे. 22 प्रतिज्ञा घेतल्या आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर दारूचं नाव सोडलं आणि आजीसाठी पाटी आणली. आजीला अक्षर येत नव्हतं. मिलमधून आले की रोज कंदिलापाशी तिचा हात धरून गिरवून घ्यायचे. वंदना दुसऱ्याच्या मागून म्हणायची नाही, स्वतः वाचून म्हणायची, हा त्यांचा आग्रह. आजी पुढे विहारात बायांना शिकवत होती.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखांनी लोक येतात. कोणी रेल्वेनं, कोणी ट्रकमध्ये, कोणी मराठवाड्यातून चटणी-भाकर बांधून. आबा आणि वस्तीतले लोक रस्त्याकडेला भोजनदान करायचे. मसालेभात, बुंदी, पाणी. महिनाभर आधीपासून डबा फिरायचा, कोणी रुपया टाकायचा, कोणी मूठभर तांदूळ. आबा स्वतः वाढायला उभे राहत नव्हते. उष्ट्या पत्रावळी उचलायला राहायचे. वाढायला तर सगळेच तयार असतात, म्हणायचे.

लालबागकर
@वऱ्हाडी ठेचा, पत्रावळीवरून आठवलं. गाडगेबाबा आमच्या आजोबांचे दैवत. बाबा कीर्तनाआधी खराट्यानं गाव झाडायचे, तसे आजोबा भजनाआधी चौक झाडायचे. आणि बघा, गाडगेबाबांनी पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली होती. बाबासाहेब 6 डिसेंबर 1956 ला गेले, गाडगेबाबा 20 डिसेंबरला.

वऱ्हाडी ठेचा
होय ना. आबांच्या खोलीत दोघांचे फोटो शेजारी शेजारी होते. गाडगेबाबा आमच्या अमरावतीकडचे, शेंडगावचे.

लालबागकर
अजून एक राहिलं. संपानंतर आजोबांना एका दुकानात हिशेबाचं काम मिळालं. घरी येताना परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर थांबायचे. गावाकडून आलेली माणसं फूटपाथवर बसलेली असायची. कुठला कागद कुठे न्यायचा कळत नाही, जेवायचं कुठे कळत नाही. आजोबा त्यांना घेऊन खिडकीपाशी उभे राहायचे. पुढे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कुणाकुणाची सोय व्हावी म्हणून खेटे घालायचे. आजी एक डबा जास्तीचा भरायची. तो डबा कुणाकडे गेला हे घरी सांगायची पद्धत नव्हती.

ओवी
सगळं वाचलं. मनापासून आवडलं. पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. हे जास्तीचे डबे, त्या घंगाळातलं गरम पाणी, वारकऱ्यांच्या भाकऱ्या हे सगळं करणारे हात कुणाचे होते? माझे काका फार मोठे सेवेकरी. सप्ताह, पारायण, अन्नदान, गावात नाव. काकूंना मात्र दम्याचा त्रास असून चुलीपुढे बसावं लागायचं, आणि तिच्या औषधाची आठवण कुणालाच नसायची. म्हणून मी अशा आठवणी वाचताना आधी घरात डोकावते.

एसटीची लेक
खरंय ओवी.

चकली
+1. हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

पाऊलवाट
ओवी, बरं झालं विचारलंत. आईबद्दल लिहायचंच होतं, काल हात थांबला.

पालखीच्या आदल्या रात्री भाकऱ्या आई, काकू आणि आम्ही पोरी करायचो हे खरंच. पण अण्णा बाहेर भजनात बसलेले नसायचे. पीठ मळायला तेच. बाजरीचं पीठ परातीत घेऊन दोन्ही हातांनी मळायचे आणि उंडे करून आईपुढे सरकवायचे. जळण तेच फोडायचे. गावातले लोक हसायचे, "पोस्टमन चुलीम्होरं बसलाय." अण्णा म्हणायचे, "विठोबा जनीबरोबर दळायला बसला, मला मळायला काय झालं?"

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा अण्णांच्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तिथून पुढे तिच्या जाण्यापर्यंत तिचं सगळं अण्णांनी केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, भात कालवून भरवणं, वेणी घालणं. आम्ही बहिणी सुटीला यायचो आणि "आता आम्ही करतो" म्हणायचो, तर आम्हाला स्वयंपाकघरात पाठवायचे. वेणी त्यांना छान जमायची. पाठीला फोड येऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते, त्यासाठी रात्री घड्याळाचा गजर लावून उठायचे. देवळातला हरिपाठ त्यांनी त्या काळात सोडला. घरीच तिच्या उशाशी बसून म्हणायचे, कारण तिला ऐकू येत होतं. देवळातली माणसं एकदा बोलवायला आली, तर म्हणाले, "माझा नेम चालूच आहे, जागा बदललीय."

मी तेव्हा लग्न होऊन ठाण्याला आले होते. माझ्या नवऱ्यानं अण्णांना आईची वेणी घालताना बघितलं आणि तो गप्प झाला. माझ्या बाळंतपणात लंगोट कुणी धुतले ते सांगायला नकोच.

ओवी
डोळे पुसतेय. अण्णांना आणि आईंना नमस्कार. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

बालाघाटची
आत्ता शाळेतून आले. माझे वडील उमरगा तालुक्यात प्राथमिक शिक्षक. माळकरी. 30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, ही वेळ आमच्याकडे लहान मूलही सांगेल. आमच्या घराच्या भिंती फाटल्या पण उभ्या राहिल्या. दादांनी आम्हाला बाहेर अंगणात बसवलं, सगळ्यांना हात लावून मोजलं, आईच्या हातात पाण्याची कळशी दिली आणि उजाडल्यावर दिंडीतल्या चार सोबत्यांना घेऊन सास्तूरकडे निघाले. फावडी, दोरखंड आणि भजनाच्या वेळी डोक्याला बांधायचे पंचे.

तिकडची घरं दगड-मातीची, रुंद भिंती, वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गार. तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. दादा त्याबद्दल फार बोलले नाहीत कधी. वरून पाऊस लागला होता, सरणं पेटेनात, एवढं एकदा म्हणाले. किती तरी लोकांना शेवटचं पाणी पाजणारं घरचं कुणी उरलं नव्हतं. दादा आणि त्यांचे सोबती प्रत्येक चितेपाशी थांबून नामाचा गजर करत होते. कोण कुठल्या जातीचा, धर्माचा विचारलं नाही, कळायला मार्गही नव्हता.

आठवड्यानं घरी आले. सोबत दोन मुलं. बहीण-भाऊ, आई-वडील गेलेले, चुलते मुंबईला. चुलत्यांचं बस्तान बसेपर्यंत म्हणून आमच्याकडे राहिली, ती दहावीपर्यंत राहिली. आमची दोन खोल्यांची जागा, त्यातल्या एकीला पत्रे. आई कधी कधी वैतागायची, खोटं कशाला सांगू. दादा तेव्हा तिच्या हातातलं काम काढून घ्यायचे आणि तिला चार दिवस माहेरी पाठवायचे. स्वयंपाक मग दादांचा, रोज पिठलं. आम्ही सहाजण पिठलं खाऊन कंटाळायचो आणि आई परत आली की नाचायचो. ती ताई आता आरोग्यसेविका आहे. राखी पौर्णिमेला पहिली राखी तिची माझ्या भावाला.

यवतचा_सोपान
पिठल्याचा विषय निघाला म्हणून. तुकोबांची पालखी आमच्या यवतला मुक्कामाला येते, तेव्हा वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचं जेवण असतं. घराघरातून भाकरी गोळा होतात, पिठलं मोठ्या कढयांत. कधी तरी या सगळे.

चकली
@यवतचा_सोपान, एवढं पिठलं गुठळी न होता कसं करतात? माझं चार माणसांचं होत नाही धड.

यवतचा_सोपान
पीठ आधी पाण्यात कालवून गाळून घ्यायचं. फोडणीत उकळतं पाणी, त्यात धार धरायची आणि दुसऱ्यानं ढवळत राहायचं. दोन माणसं लागतात. एकट्यानं केलं की गुठळी होणारच.

आगाशीचा
नमस्कार. मी वसईचा, कॅथलिक. बाबांची आठवण लिहावीशी वाटली.

बाबा शेतकरी. पानवेल, केळी, मोगरा. पहाटेच्या गाडीनं फुलांची टोपली घेऊन दादर मार्केटला. परत येऊन शेतात शिंपणं. संध्याकाळी सात वाजता घंटा झाली की घरात रोझरी. दिवे गेलेले असोत, पाहुणे आलेले असोत, सगळे जमिनीवर गुडघे टेकून. मधे कुणी पेंगला तर बाबा स्वतःचा आवाज थोडा वाढवायचे, ओरडायचे नाहीत.

रविवारी मिस्सा झाली की ते घरी यायचे नाहीत. चर्चमधल्या संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेत होते. दोघं दोघं मिळून आजारी, एकाकी माणसांच्या घरी जायचे. तांदूळ, औषध, आणि बराच वेळ नुसतं बसणं. कोणाकडे गेलो हे बाहेर बोलायचं नाही असा त्यांचा रिवाज. बाबा गेले त्या दिवशी गावाबाहेरच्या वस्तीतून एक आदिवासी म्हातारी आली, शवपेटीपाशी बसली आणि म्हणाली, हा माझा दर रविवारचा लेक. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

टँकर आमच्या विहिरींचं पाणी उपसून न्यायला लागले आणि शेतं बिल्डरकडे जायला लागली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. मोर्च्यात मिरवायची बाबांना हौस नव्हती, पण त्या मोर्च्यांना ते गेले. म्हणाले, देवानं दिलेलं पाणी राखणं हीपण प्रार्थनाच. जानेवारी 2020 ला दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा बाबा टीव्हीपुढून हलले नाहीत. 2024 च्या जुलैत फादर गेले. बाबा त्याआधीच गेले होते.

बालाघाटची
त्या संमेलनाला मी होते! थंडी काय होती.

वऱ्हाडी ठेचा
दर रविवारचा लेक. वा.

जुवारी
वास्कोहून. आमचे पप्पा बंदरावर कामाला होते. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत श्री दामोदराचा भजनी सप्ताह असतो. सप्ताह म्हणतात, पण अखंड भजन चोवीस तासांचं. शंभराहून जास्त वर्षांची परंपरा, पूर्वी गावात साथ आली होती तेव्हा जांबावलीच्या दामोदराला साकडं घालून श्रीफळ आणलं, तेव्हापासून. भजन मराठी, अभंग मराठी, घरी बोलणं कोंकणी. पप्पांची पाळी रात्री दोन ते चारची. ती वेळ कुणालाच नको असते म्हणून ते मागून घ्यायचे. पहाटे घरी येऊन आम्हाला उठवून शाळेची तयारी करून द्यायचे, कारण आई नर्स, तिची रात्रपाळी. आमच्या वेण्या घालायचे तेसुद्धा झांज वाजवल्यासारखे तालात. @पाऊलवाट, तुमच्या अण्णांची वेणी वाचून हे आठवलं.

पाऊलवाट
जुवारी, किती गोड.

पारिजातक
माझे सासरे. सांगलीत शिंपी. सगळे त्यांना महाराज म्हणायचे, कीर्तन करत नव्हते, पण एकही कीर्तन सोडायचे नाहीत म्हणून. दिवाळीच्या आधी गिऱ्हाइकांची रांग, तरी अनाथाश्रमातल्या मुलांचे कपडे आधी. माप प्रत्येकाचं वेगळं घ्यायचे. म्हणायचे, एका मापाचे शिवले की ती दानाची दिसतात.

जाताना नेत्रदान केलं. भावकीतून फार विरोध. पुढच्या जन्मी आंधळा होशील वगैरे. त्यांनी स्वतःच हयातीत सगळ्यांना बसवून सांगितलं होतं की मी पंढरीचा देव याच डोळ्यांनी पाहिलाय, ते डोळे जाळायचे कशाला. ते गेले तेव्हा मी आधी नेत्रपेढीला फोन केला आणि मग नातेवाइकांना. सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. लोकांना हे माहीत नसतं आणि रडण्यात वेळ जातो.

चकली
मधुमेह असला तर चालतं का? माझ्या बाबांना विचारायचं धाडस होत नाही, पण त्यांनी स्वतःच विषय काढला होता.

पारिजातक
चालतं. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं, मधुमेह, रक्तदाब असला तरी चालतं. काही संसर्गजन्य आजार असले तर घेत नाहीत, ते तिथले डॉक्टर बघतात. आपण करायचं एवढंच : पापण्या मिटायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा. टीम घरी येते. अर्धा तासही लागत नाही आणि चेहरा विद्रूप होत नाही. फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांनी संमती दिली की पुरतं. बाबांशी बोल गं. त्यांनी विषय काढलाय म्हणजे त्यांचं ठरलेलं आहे.

चकली
आज रात्रीच बोलते.

उत्तररात्र
न्यू जर्सीहून. माझे बाबा अजून आहेत, हे आधी लिहितो, दृष्ट लागू नये. सातारा जिल्ह्यातल्या घरी रोज सकाळी सहाला त्यांचा हरिपाठ, तेव्हा इथे आदल्या रात्रीचे साडेआठ. नातवंडांच्या झोपण्याची वेळ. फोन भिंतीला टेकवून ठेवतात. मुलीला अर्थ कळत नाही, पण चाल पाठ झाली आहे आणि ती इथल्या शाळेत डबा उघडताना तेच गुणगुणते असं तिच्या बाईंनी सांगितलं. बाबांना कळवलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून वेळ पाळण्यासाठी पोहायला जाणं पुढे ढकललं.

लालबागकर
@उत्तररात्र, बाबा पोहतात अजून? भारी!

उत्तररात्र
कृष्णेत. 74 वर्षांचे आहेत. आईचा जीव टांगणीला असतो.

कात्रजची_मीरा
नवीन आहे, पहिल्यांदाच लिहितेय. यंदा आम्ही सोसायटीतले काहीजण परवा सासवडच्या रस्त्याला वाटप करणार आहोत. बिस्किटं आणि केळी घेतोय. बरोबर आहे ना?

पाऊलवाट
मीरा, थांब थांब. पालखी पुण्याहून सासवडला जाते तो दिवस एकादशीचा. बिस्किटं कुणी खाणार नाही. दिवे घाटाची चढण आणि पोटात उपास. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, केळी चालतील. सगळेच केळी देतात, मग साली रस्त्यावर पडतात आणि म्हाताऱ्या घसरतात. साली गोळा करायला एक माणूस आणि पोतं ठेवाच.

एसटीची लेक
आणि सेफ्टी पिना. हसू नका. नऊवारीवाल्या बायका त्यासाठी थांबतात. झालंच तर पायाला लावायला मलम, चिकटपट्टी.

यवतचा_सोपान
पावसाचा प्लास्टिक कागद. दीड मीटरचे तुकडे कापून न्या, डोक्यावरून घेता येतो. चपलेचे अंगठे शिवणारा कुणी सोबत नेला तर फारच उत्तम.

वऱ्हाडी ठेचा
आणि कचरा उचलायला आबांसारखं कोणी.

कात्रजची_मीरा
बिस्किटांचे खोके परत करते मग. राजगिऱ्याचे लाडू पुण्यात घाऊक कुठे मिळतील? उद्या दुपारपर्यंत हवेत.

ओवी
भवानी पेठेत बघ, मार्केट यार्डाच्या बाजूलाही मिळतील. चार गाळे फिरून भाव विचार. मी दुपारी एकनंतर मोकळी आहे, गाडी घेऊन येते. पिना माझ्याकडून.